पर्स दुसऱ्याच्या हातात दे

अगं, मुलांनी हट्ट धरला, नवऱ्याने ‘जाऊ की’ म्हणून टाकलं आणि आता सगळी जुळवाजुळव तुझ्या डोक्यावर. होय ना? भंडाऱ्याहून खोपोलीचं इमॅजिका पार्क गाठायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा, त्यात सोबत सासूबाई आणि धाकटी. भांबावशीलच. पण गावच्या मंडईच्या जत्रेला दारात येतील तेवढ्या पाहुण्यांना जेवू घालणारी तू, तुला हे जड नाही गं.

आधी दिवस ठरव. धानाची मळणी उरकू दे, मग रविवार टाळून मधलाच एखादा वार धर. शाळा दोन दिवस बुडली तर बुडू दे. मे महिन्यात मात्र नको. उन्हात रांगेत ताटकळलेली मुलं आणि तापलेला नवरा, दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. वरठी स्टेशनवर दुपारी विदर्भ एक्सप्रेस पकडली की सकाळी कल्याण, तिथून कर्जत-खोपोलीची लोकल. पण उतरल्या उतरल्या पार्कात धावायचं नाही हं. तो दिवस आंघोळ आणि झोपेचा. तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा गाडीतच संपवा, आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत.

आता उंचीचं बघ. ‘नायट्रो’सारख्या मोठ्या रोलर कोस्टरला साधारण 140 सेंटीमीटर उंची लागते. घरीच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून दोन्ही मुलांना उभं कर. दोन बोटांनी कमी पडलेलं पोर रांगेच्या टोकाशी जाऊन परत आलं की जे भोकाड पसरतं, ते खोपोली ते भंडारा पुरतं. आणि तिथल्या माणसाशी ‘जाऊ द्या ना भाऊ’ म्हणून हुज्जत घालू नकोस. छातीवरचा पट्टा त्या अंगापिंडाला नीट बसतो की नाही, याचाच तो हिशोब असतो.

सासूबाईंना रक्तदाब आहे, म्हणजे कोस्टर नाहीच. मान-कंबरेचं दुखणं असलं किंवा दिवस गेलेले असले तरी नाही. त्यांच्यासाठी सावलीतले, गारव्याचे खेळ आहेत. भारतभराची हवाई सफर घडवणारं ‘आय फॉर इंडिया’ त्यांना दाखव. त्यातही पाय अधांतरी लटकतात, तेव्हा चक्कर येत असेल तर आधी विचार.

आणि आता माझा खरा मुद्दा. घरातली बाई अशा ठिकाणी काय करते? खाली बाकावर बसते. मांडीवर चार पर्सा, तीन मोबाईल, नणंदेची ओढणी, कुणाची तरी चप्पल. वरून सगळे आरोळ्या ठोकत येतात आणि ही विचारते, ‘भूक लागली का रे?’ अगं, तुझं तिकीटही पूर्णच काढलेलं असतं! सामानाला लॉकर आहेत, आणि धाकटीजवळ थांबायला तिचा बाप आहे. पाळी लावायची: आधी तू, मग तो. आधी तूच, नाहीतर तुझी पाळी येईपर्यंत घरी जायची वेळ होते. बघ हं, अनुभवाचं बोलतेय.

भीती वाटते? वाटणारच. आपल्या लहानपणी मंडईतला आकाशपाळणा तेवढा ठाऊक. 1989 ला गोराईत सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड आपण टीव्हीच्या जाहिरातीतच पाहिलं, आणि 2022 ला ते बंदही पडलं. नायट्रो 2013 पासून आहे. उंची साधारण 40 मीटर, म्हणजे तेरा मजली इमारत. वेग ताशी शंभराच्या पुढे. पाच वेळा डोकं खाली. पायाखाली फळीसुद्धा नाही, म्हणून चपला काढूनच बसायचं. चढताना खटखट आवाज येतो ना, तो डबा मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्ट्यांचा. घाबरायचं नाही, उलट तो ऐकायचा. माथ्यावरून सुटलं की इंजिन वगैरे काही नाही, सगळा उताराचा जोर. चाकं रुळाला वरून, बाजूने आणि खालूनही धरून असतात, त्यामुळे उलटं झालं तरी डबा सुटत नाही. डोकं मागे टेकव, पट्टा घट्ट धर आणि खुशाल ओरड. सगळेच ओरडतात, तिथे कुणी सून-बाई बघत नाही. मी तर डोळे इतके गच्च मिटले होते की फोटोत झोपल्यासारखी दिसते!

अंगात साधा पंजाबी ड्रेस, ओढणी नको. मंगळसूत्र आत खोचून ठेव, केसांना पिना नाहीत, नुसती घट्ट वेणी. सकाळी दार उघडलं की आधी मोठ्या कोस्टरची रांग गाठ. जेवणाआधी, जेवणानंतर नाही. का ते मी सांगायला नको. पाण्याचे खेळही करायचे असतील तर त्यांचं तिकीट वेगळं असतं आणि सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. खरं सांगू का, एका दिवसात दोन्ही कोंबू नकोस.

आणि हे वाचून नुसती मान डोलावू नकोस गं. गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं. तारीख आजच ठरव.