जहाजाच्या नावाआधीची अक्षरे

मनुष्याच्या नावाआधी 'डॉक्टर' किंवा 'कॅप्टन' असे लिहिलेले असले, म्हणजे नाव वाचण्यापूर्वीच त्याची थोडीबहुत ओळख पटते. जहाजांच्या नावाआधीची आद्याक्षरेही अशीच आहेत. जहाज कशाच्या बळावर चालते, कोणते काम करते, अथवा कोणाच्या आज्ञेत आहे, यांपैकी काहीतरी ती सांगत असतात.

प्रथम व्यापारी व उतारू जहाजे पाहू. 'एस.एस.' म्हणजे स्टीमशिप, आपली आगबोट. पुढे तेलावर चालणारी इंजिने आली, तेव्हा 'एम.व्ही.', म्हणजे मोटर व्हेसल, ही अक्षरे रूढ झाली. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'च्या नावाआधी 'आर.एम.एस.' असे. ब्रिटिश सरकारचे टपाल नेण्याचे काम त्या बोटीकडे होते, हा त्याचा अर्थ.

युद्धनौकांची अक्षरे मात्र सत्ता कोणाची हे सांगतात. 'एच.एम.एस.' म्हणजे ब्रिटनच्या राजाचे किंवा राणीचे जहाज. अमेरिकेत राजा नाही, तेथे 'यू.एस.एस.', म्हणजे युनायटेड स्टेट्स शिप. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०७ साली हुकूम काढून ही पद्धत निश्चित केली. पोर्तुगालच्या 'एन.आर.पी.' या अक्षरांचा अर्थ 'पोर्तुगीज प्रजासत्ताकाचे जहाज' असा आहे.

आता एकाच जहाजाची कथा पाहा. १९३९ साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'ग्राफ स्पे' या जर्मन युद्धनौकेशी झुंजलेल्या तीन क्रूझरांपैकी एक होती 'एच.एम.एस. अकिलिस'. १९४१ मध्ये न्यूझीलंडचे स्वतंत्र आरमार स्थापन होताच तिच्या अक्षरांत 'एन.झेड.' ही दोन अक्षरे शिरली. युद्धानंतर ती ब्रिटनकडे परत गेली, आणि १९४८ साली भारताने ती विकत घेऊन तिचे नाव 'दिल्ली' ठेवले.

परंतु नावाआधी अक्षरे आली ती 'एच.एम.आय.एस.', म्हणजे 'राजाचे भारतीय जहाज'! देश स्वतंत्र झाला होता, तरी घटनेच्या दृष्टीने तो अद्याप ब्रिटिश राजाला मानणारे वसाहतीचे राज्य होता. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला, तेव्हा राजाचा उल्लेख गळून पडला आणि 'आय.एन.एस.', म्हणजे भारतीय नौदलाचे जहाज, ही अक्षरे आली.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण व दीव मुक्त झाले, त्या मोहिमेत हीच 'दिल्ली' दीवच्या समोर होती. त्याच वेळी मुरगाव बंदरात 'आफोंसो द आल्बुकर्क' ही 'एन.आर.पी.' नौका 'बेटवा' व 'बियास' या 'आय.एन.एस.' नौकांशी लढून निकामी झाली. १९७८ साली 'दिल्ली' सेवेतून निवृत्त झाली.

तिचे पोलाद आरंभापासून अखेरपर्यंत एकच होते. बदलली ती अक्षरे, आणि त्या अक्षरांमागचा धनी. म्हणून पुढे कधी बंदरावर किंवा वृत्तपत्रात जहाजाचे नाव दिसले, तर नावाआधीची अक्षरे वगळून पुढे जाऊ नये. त्या दोनचार अक्षरांत पुष्कळदा एखाद्या राष्ट्राचा इतिहास सामावलेला असतो.