लाल दिवा लागला तर : डिझेल गाडीचे तापणे आणि चालकाचे कर्तव्य

मे महिन्याच्या भर दुपारी तेल्हारा ते अकोट हा रस्ता ज्यांनी पार केला आहे, त्यांना वऱ्हाडच्या उन्हाची ओळख करून देण्याचे कारण नाही. पारा ४५ अंशांच्या घरात, गाडीत लग्नाची मंडळी, एसी पूर्ण जोरात. अशा वेळी चालकासमोर तापमानाचा लाल दिवा लागतो. पुढील दोन मिनिटांत तो काय करतो, यावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. अनेक कुटुंबांचा चरितार्थ गाडीवरच चालतो. म्हणून हा पाठ.

दिव्याचा अर्थ

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. निर्माण झालेल्या उष्णतेचा मोठा भाग चाके फिरविण्याच्या कामी येत नाही. तो बाहेर टाकावा लागतो. कूलंट ती उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये हवेला देतो. त्याचे नेहमीचे तापमान सुमारे ९० अंश असते. टोपणामुळे आत दाब राहतो, म्हणून तो १०० अंशांवरही उकळत नाही. टोपण उघडताच दाब नाहीसा होतो आणि उकळता द्रव अंगावर उसळतो.

तात्काळ काय करावे

१. काटा नुसता चढत असेल तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सुरू करावा व वेग कमी करावा.
२. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. "गाव जवळच आहे" हा मोह टाळावा.
३. किमान अर्धा तास टोपणास हात लावू नये. नंतर जाड फडक्याने ते हळूहळू सैल करावे.
४. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो.

एक बाब विशेष ध्यानात ठेवावी : कूलंट पूर्ण वाहून गेल्यास मापकाला द्रवाचा स्पर्शच होत नाही आणि काटा खोटा खाली येऊ शकतो. वाफ दिसत असताना काट्यावर विसंबू नये.

कारणे व काळजी

फुटलेला पाईप, सैल पट्टा, बंद पडलेला पंखा, अडकलेला थर्मोस्टॅट ही नेहमीची कारणे. आपल्याकडे त्यांत दोन भर पडतात. कापसाचे तंतू, भुसा व धूळ रेडिएटरच्या जाळीत बसून हवा अडवतात. दुसरे, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे पाणी. ते वारंवार भरल्यास आत क्षारांचा थर साचतो व धातू गंजतो. अडचणीत असे पाणी भरावे लागलेच, तर मिस्त्रीकडून ते लवकर काढून घेऊन योग्य कूलंट भरावा.

तापलेले इंजिन रेटल्यास हेड वाकते, गास्केट जाते आणि अर्ध्या तासाची घाई अनेक महिन्यांची कमाई घेऊन जाते. दिवा हा शत्रू नव्हे. तो वेळेवर सावध करणारा सोबती आहे. त्याचे ऐकावे.