आरागिरणीचा परवाना घेताना

चि. बाळास,

मूल गावाकडची आरागिरणी परवान्यासकट विकायला निघाली आहे आणि मालक यंत्रांपेक्षा परवान्याचेच पैसे जास्त सांगतो, असं तू लिहिलंस. त्याचं कारण जुनं आहे. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून सर्वोच्च न्यायालयाने लाकडाच्या धंद्याला लगाम घातला. २००२ मध्ये तर न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय समितीच्या मंजुरीशिवाय राज्यांना नवी आरागिरणी काढू देता येईना. नवे परवाने आटले, जुने महागले. जंगल त्यामुळे वाचलं, असं मी ठामपणे म्हणतो. पण हाती परवाना असलेल्याला गिरणी सुधारायची निकडही उरली नाही. तेव्हा परवाना तुझ्या नावावर होईल असं वनविभागाकडून लेखी मिळेपर्यंत इसार देऊ नकोस.

या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा भार मात्र बांधावर साग लावणारा शेतकरी वाहतो. सातबारा, हद्दीची मोजणी, झाडांची यादी, तोडीची परवानगी, मग मालावर हातोड्याचा शिक्का आणि शेवटी वाहतूक पास. फी किरकोळ असते. हेलपाटे आणि वाया जाणारे महिने त्याला परवडत नाहीत. म्हणून तो उभी झाडं ठेकेदाराला उक्ती देऊन टाकतो आणि कागदाच्या धास्तीची किंमत भावातून कापली जाते. या धास्तीवर नफा कमवू नकोस, बाळा. मला हा धंद्यातला सर्वात मोठा अन्याय वाटतो.

तरी पास नकोच असं म्हणू नकोस. चिरल्यावर बांधावरचा साग आणि जंगलातून चोरलेला साग सारखाच दिसतो. शिक्का नसला तर प्रामाणिक माणसाचा मालही नाक्यावर अडकतो. पास कुणी द्यायचा, हे मात्र बदलता येतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक पासांचं पुस्तक मिळालं आणि आपल्या जंगलातला बांबू गाव स्वतः विकू लागलं.

गिरणी घेतलीस तर आवक वहीत प्रत्येक नगापुढे पासाचा क्रमांक त्याच दिवशी चढव, मुनीमावर सोडू नकोस. शेतकऱ्याकडे जाशील तेव्हा मालकी प्रकरणाचा, म्हणजे तोडीच्या परवानगीपासून पासापर्यंतच्या कागदांचा, सगळा खर्च आधी कागदावर मांडून दाखव, आणि भाव त्यानंतर बोल.

तुझा,
मामा