दारं मात्र तेवढीच

पोरी, इंजिन शेड करायला घेतेस ना, मग आधी पुठ्ठ्याला हात लावू नकोस. खऱ्या शेडीपाशी जा. हद्दीत परवानगीनेच शिरायचं, नाहीतर फलाटावरून बघायचं. फोटो अगदी समोरून काढ, तिरक्या फोटोवरून मापं निघत नाहीत. टेप लावता आला नाही तर भिंतीवरचे विटांचे थर मोज. जुन्या कामात चार थर म्हणजे साधारण फूटभर.

आपलं प्रमाण एच-ओ, १:८७. मीटरचे साडेअकरा मिलिमीटर होतात, आणि सात फुटी दार भरतं साडेचोवीस. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे रूळ १९.३ हवेत, पण बाजारात मिळतात १६.५ चे. तेवढी लबाडी चालवून घे. भिंतींचं अंतर मात्र रुळांच्या मध्यापासून मोज.

आख्खी शेड टेबलावर मावणारच नाही. बारा गाळे असतील तर पाच कर, खुशाल. दारं-खिडक्या मात्र तसूभरही आकसायच्या नाहीत. माझ्या पहिल्या शेडीत मी सगळंच सारखं आकसलं. दारात पॉइंट्समन ठेवला तर त्याचं डोकं चौकटीला! ती शेड अजून माळ्यावर पडली आहे.

पुठ्ठा एका दमात कापू नकोस, कटर हलक्या हाताने चार-पाचदा फिरव. आणि एकाच बाजूने रंगवलास तर पापडासारखा वळेल. दोन्ही बाजू रंगव, आतून पट्ट्यांचा आधार दे.

छपराला पन्हळी पत्रा हवा. खऱ्या पत्र्याची पन्हळ तीन इंचांची, म्हणजे आपल्याला ०.८८ मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या बोल्टचे आटे ०.८ वर असतात. पोळ्या गुंडाळायची फॉइल रबराच्या तुकड्यावर पसर आणि बोल्ट दाबून लाटण्यासारखा फिरव. रेघा जराशा तिरक्या पडतात, कारण आटे फिरत जातात. मग पत्रे कापताना पट्टी त्या रेघांना धरून लाव. छोटे पत्रे वळचणीकडून आढ्याकडे चढवत जा, वरचा खालच्यावर. उलटं केलंस तर तुझ्या शेडीत पाणी गळेल, आणि कुणीतरी ते बरोब्बर ओळखेल.

वाफेच्या इंजिनांची शेड असेल तर काजळी दाराच्या वर आणि धुराड्यांपाशी लाव, गंज पत्र्यांच्या खालच्या कडांना. सगळीकडे सारखं फासलं की नुसती मळकी दिसते.

पुण्याला आलीस की कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जाऊ. १९९८ पासून आहे ते. गाड्या धावायला लागल्या की सगळे तिकडेच बघतात; तू इमारतींकडे बघ.