कॉम्प्युटरची शाकारणी

साल २०२५. जून महिना. वटपौर्णिमेचा दुसरा दिवस, बुधवार. पेरणीचे दिवस होते.

कशेळ्याच्या बाजूला डोंगराच्या अंगाला बऱ्याच ठाकूरवाड्या आहेत. त्यातल्या एका वाडीवरचा बाप आपल्या मुलीला घेऊन नाक्यावरच्या सेवा केंद्रात आला होता. मुलगी दहावी पास झाली होती. तिला कॉलेजात नाव घालायचे होते. त्यासाठी जातीचा दाखला हवा होता. बापाने त्या दिवसाची मजुरी सोडली होती. काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सगळे कागद.

केंद्रातला पोरगा कपाळाला हात लावून बसला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक गोल फिरत होता. त्याखाली लिहिले होते की, अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका.

"काका, आज काही होईल असं वाटत नाही," पोरगा म्हणाला.

बापाचा चेहरा उतरला. मी माझ्या पेन्शनच्या कागदासाठी तिथेच बाकावर बसलो होतो. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, आमचा नाव काढला का सरकारनी?"

मंडळी, नाव कोणी काढले नव्हते. पण त्याला ते कळणार कसे? त्याला सांगितले ते तुम्हांलाही सांगतो. मीसुद्धा हे सगळे पन्नाशीनंतर शिकलो, म्हणून लाजू नका.

कॉम्प्युटर, म्हणजेच संगणक, हे एक यंत्र आहे. नुसते यंत्र म्हणजे लोखंड, तांबे, काच आणि प्लास्टिक. बोट दाबले की अक्षर कुठे उमटवायचे, लिहिलेले कुठे ठेवायचे, कागद छापायला कसा पाठवायचा, हे त्याला आपोआप कळत नाही. तो सगळा कारभार आत बसवलेला एक मोठा प्रोग्राम पाहतो. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत आणि कचेऱ्यांत जो प्रोग्राम असतो त्याचे नाव विंडोज. तो अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीचा. शब्द लांब आहे. तोडून वाचा: मा-य-क्रो-सॉफ्ट.

या विंडोजला तुम्ही घराचे छप्पर समजा. घरात धान्य आहे, कपडे आहेत, भांडी आहेत. ती छपराखाली राहतात. आता आगोटीला आपण काय करतो? शिडी लावून छपरावर चढतो. फुटके कौल काढतो, सरकलेले कौल नीट बसवतो. शाकारणी केली नाही तर आषाढात घर गळते. कौल फुटले आहे हे उन्हाळ्यात खालून दिसत नाही. ते पाऊसच दाखवतो.

विंडोजलाही अशीच भोके असतात. हा प्रोग्राम इतका मोठा आहे की, बनवताना चुका राहून जातात. त्या चुकांतून चोर आत शिरतात. कंपनीला चूक सापडली की ती दुरुस्ती तयार करते आणि इंटरनेटवरून जगभर पाठवते. त्या दुरुस्तीला म्हणतात अपडेट. म्हणजे आपली शाकारणीच. फरक एवढाच की, आपण ती वर्षातून एकदा करतो आणि ती मंडळी दर महिन्याला करतात.

त्यांचा दिवसही ठरलेला आहे. महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि आपल्याकडे रात्र. म्हणून बुधवारी सकाळी केंद्र उघडले, यंत्र चालू केले की, पुष्कळदा ते गोल फिरत बसते. वाडीवरून उतरलेल्या माणसाच्या नशिबी नेमका तो बुधवार आला होता.

ही झाली लहान शाकारणी. काही वर्षांनी सगळे छप्परच बदलायची वेळ येते. विंडोज १० हे छप्पर २९ जुलै २०१५ ला आले. त्यानंतरचे विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ ला आले. मग कंपनीने सांगून टाकले की, १४ ऑक्टोबर २०२५ नंतर जुन्या छपराची नेहमीची मोफत दुरुस्ती आम्ही करणार नाही. घरगुती यंत्रांसाठी ज्यांनी वेगळे नाव नोंदवले त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. याचा अर्थ त्या तारखेला जुनी यंत्रे बंद पडली असा नाही. ती चालतात. फक्त नवे भोक पडले तर बुजवायला कोणी येत नाही.

बरे, नवे छप्पर घालावे म्हटले तर भिंती पेलल्या पाहिजेत. विंडोज ११ ला यंत्रात सुरक्षेची एक खास चिप लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ सालाच्या आधीची बहुतेक यंत्रे त्यात बसत नाहीत. यंत्र धडधाकट असते, कळा नीट चालतात, पडदा स्वच्छ असतो, तरी ते नापास. मला याचा राग येतो. आपल्या कर्जत स्टेशनात पाहा. बोरघाट चढायचा तर गाडीला मागून जादा इंजिने लावतात. गाडी टाकून द्या असे कोणी म्हणत नाही.

जुन्या भिंतीवर बसणारे दुसरे छप्परही आहे. त्याचे नाव लिनक्स. ते फुकट मिळते. केरळातल्या सरकारी शाळांत मुले त्यावरच शिकतात. पण आपल्या केंद्रातले अंगठ्याचे यंत्र त्यावर चालते का, ते आधी पाहावे लागते.

आता छप्पर बदलताना काय काय होते, ते सांगतो. पहिली गोष्ट माझ्याच अंगावर आली आहे.

विंडोज एक्सपी नावाचे आणखी जुने छप्पर होते. ८ एप्रिल २०१४ ला त्याची दुरुस्ती थांबली. तेव्हा मी शाळेत हेडमास्तर होतो. शाळेच्या कॉम्प्युटरवर नवे विंडोज घालून घेतले. त्याआधी दोन वर्षे खपून मी जुन्या विद्यार्थ्यांची यादी मराठीत टाइप केली होती. नवे विंडोज आले आणि यादी उघडली तर काय! एकही मराठी अक्षर नाही. इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस, सगळी खिचडी. यादी पुसली नव्हती. ती ज्या जुन्या फाँटमध्ये होती तो फाँट नव्या विंडोजमध्ये घालायचा राहिला होता. फाँट म्हणजे अक्षरांचे साचे. जुन्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेले असे. साचा गेला की खालचे इंग्रजी उघडे पडते. आता युनिकोड नावाची पद्धत आहे. तिच्यात 'क' हा कोणत्याही यंत्रात 'क'च राहतो. पण तेव्हा आम्हांला कोणी हे सांगितले नव्हते. दुरुस्तीवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "सर, तुमची फाईलच खराब आहे." त्याच्याकडे तो फाँट नव्हता. शेवटी शाळेचे जनरल रजिस्टर कपाटातून काढले. शाईने लिहिलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नाव न नाव जागेवर. त्यावरून यादी पुन्हा केली.

दुसरी गोष्ट साऱ्या जगाची आहे. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चे एक मोठे अपडेट आले. ते घातल्यावर काही लोकांचे कागद आणि फोटो यंत्रातून नाहीसे झाले. छप्पर दुरुस्त करायला चढलेल्या गवंड्याने कणगीच रिकामी करावी, तसे झाले. कंपनीने चार-पाच दिवसांत ते अपडेट थांबवले, चूक काढली आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा दिले. ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती ते वाचले.

मग कोणी म्हणेल, गुरुजी, अपडेट करूच नये ना! थांबा. उरणची गोष्ट ऐका. उरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर तुम्हांला ठाऊक आहे. खालापूर टोलनाक्यावरून कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर आपण रोज पाहतो. त्यांतले पुष्कळ त्या बंदराचे. २७ जून २०१७ ला त्या बंदरातल्या एका धक्क्याचे कॉम्प्युटर एकाएकी बंद पडले. तो धक्का डेन्मार्क देशातल्या मर्स्क कंपनीच्या गटाकडे होता. कोणता डबा कुठे आहे आणि कोणत्या गाडीवर चढवायचा, हे सगळे यंत्रात. यंत्र गेले आणि काम हातावर आले. बाहेर गाड्यांची रांग लागली.

हे झाले कसे? युक्रेन देशात हिशेब ठेवण्याचा एक प्रोग्राम आहे. चोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष मिसळले. लोकांनी विश्वासाने अपडेट घेतले आणि विष आत आले. तिथून ते एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पसरले. पसरायला त्याला एक वाट विंडोजच्या भोकाची मिळाली. ते भोक बुजवण्याचे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच साली मार्च महिन्यात दिले होते. ज्यांनी ते घातले नाही त्यांच्या घरात ते सरळ शिरले. शिवाय ते आत शिरून पासवर्डही चोरत होते. म्हणून शाकारणी केलेल्या काही यंत्रांनाही त्याने गाठले.

म्हणजे पाहा. एक अपडेट घेतले म्हणून विष आले आणि दुसरे अपडेट घेतले नाही म्हणून ते पसरले.

मर्स्क कंपनीला जगभरातली ४५ हजार यंत्रे नव्याने भरावी लागली. पण त्यांच्या सगळ्या यंत्रांची आणि माणसांची ओळख ठेवणारी जी मोठी वही होती, म्हणजे तसा प्रोग्राम, तिच्या दीडशेच्या आसपास प्रती होत्या. त्या सगळ्या एकमेकींशी तारेने जोडलेल्या. त्यामुळे एकदम नष्ट झाल्या. एकच वाचली. ती आफ्रिकेतल्या घाना देशात होती. का वाचली? त्या वेळी तिथली वीज गेली होती! यंत्र तारेपासून तुटले होते, म्हणून विष तिथवर पोचले नाही. मग त्या यंत्राची डिस्क माणसाच्या हातून नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली आणि तिच्यावरून कंपनी पुन्हा उभी केली.

वीज गेल्याचा असा फायदा मी दुसरा ऐकला नाही.

आपल्याकडे उलटे घडते. त्या बुधवारी अपडेट अर्ध्यावर होते आणि साडेअकराला वीज गेली. खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, इथल्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पण वाडीवस्तीवरची वीज पहिल्या पावसात आजही जाते. वीज आली तेव्हा यंत्र सुरूच होईना. पोरगा रडकुंडीला आला. आधीच्या आठवड्यातल्या लोकांचे कागद त्याने त्या यंत्रात घेऊन ठेवले होते आणि अर्ज भरायचे राहिले होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या लोकांना पुन्हा बोलवावे लागले. काहींनी मूळ कागदही केंद्रातच ठेवले होते. ते शोधण्यात दोन दिवस गेले.

केंद्र चालवणाऱ्या मुलामुलींनो, विंडोजला आपल्या कामाचे तास सांगून ठेवता येतात. मग त्या तासांत ते आपण होऊन यंत्र बंद-चालू करत नाही. अपडेट काही दिवस पुढेही ढकलता येते. ते संध्याकाळी, गिऱ्हाईक गेल्यावर घ्या. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर बॅटरीवर घ्या. आणि त्याआधी कागदांची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवा. लावलेली डिस्क म्हणजे त्याच घरातली दुसरी कणगी. आग लागली की दोन्ही जळतात.

आणि आपण, बाकावर बसणाऱ्यांनी? मूळ कागद केंद्रात सोडून येऊ नका. त्याने छायाप्रत घेतली की मूळ कागद परत मागून घ्या. संकोच कसला? अर्ज भरला की त्याचा नंबर मिळतो. तो नंबर आणि तारीख आपल्या वहीत लिहा. त्याचे यंत्र मोडले तरी आपला अर्ज मोडत नाही. तो दूर सरकारी यंत्रात पोचलेला असतो आणि नंबरावरून दुसऱ्या केंद्रातही पाहता येतो. सातबाराचेही तसेच. तो केंद्रातल्या टेबलावरच्या यंत्रात राहत नाही. 'अपडेट चालू आहे' असे ऐकले तर तुमचे नाव कटले असे समजू नका. किती वेळ लागेल ते विचारा आणि लागणार असेल तर दुसरे केंद्र गाठा. शेवटच्या तारखेला मात्र जाऊ नका.

मोबाईललाही अपडेट असते. ते फोनच्या सेटिंगमधून येते. कोणी अनोळखी माणूस निरोप पाठवील की, तुमचे बँकेचे अ‍ॅप जुने झाले, या ठिकाणी बोट दाबून नवे घ्या. दाबू नका. तो युक्रेनचाच प्रकार, फक्त लहान. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरला फोन करा.

वाडीवरच्या बापाचे पुढे काय झाले ते राहिले. त्याची पिशवी त्याच्या काखेतच होती. तिच्यात त्याच्या बापाचा शाळेचा दाखला होता. शाळेच्या जुन्या रजिस्टरावरून मिळालेला, जातीची नोंद असलेला. आम्ही तिघे मिळेल त्या टमटमने कर्जतला गेलो. तिथल्या केंद्रातले यंत्र चालू होते. अर्ज भरून झाला तेव्हा चार वाजले होते. तिथल्या बाईंनी पावती छापून दिली. मी म्हटले, नंबर वहीतही उतरवून घ्या. मुलीने पेन पुढे केले, पण बापाने ते तिच्याकडून घेतले. तो रात्रीच्या वर्गाला येत होता. एक एक आकडा पावतीवर बोट ठेवून वाचायचा, मग लिहायचा. मधे एका जागी थांबला आणि मला विचारले, "गुरुजी, हा शून्य का इंग्रजी ओ?"

मी चष्मा पुसून पाहिले. मलाही ओळखेना. बाईंनाच विचारले. शून्य होते.