गोवा नगरीच्या ढालीवरील चाक

नगराचे मानचिन्ह ही केवळ शोभेची वस्तू नसते. ते कोणी निवडले, केव्हा निवडले आणि कोणासाठी निवडले, याचा शोध घेतला तर इतिहासाचे एखादे पान उलगडते. युरोपात ही प्रथा बाराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली. शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला सरदार ओळखू यावा म्हणून त्याच्या ढालीवर ठरावीक रंग व आकृती काढीत. पुढे नगरांनीही अशा ढाली स्वीकारल्या. आपल्याकडेही राजघराण्यांची लांछने होतीच. चालुक्यांचा वराह प्रसिद्ध आहे. गोव्याच्या कदंब राजांच्या नाण्यांवर सिंह दिसतो. त्याच गोव्याच्या ढालीवर सोळाव्या शतकात एक चाक आले. त्या चाकाचा अर्थ पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आफोन्सो द आल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा प्रथम १५१० च्या प्रारंभी घेतला, पण थोड्याच महिन्यांत तो त्याला सोडावा लागला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला त्याने तो पुन्हा जिंकला. विजयानंतर शहरातील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. २५ नोव्हेंबर हा ख्रिस्ती पंचांगात संत कॅथरिनचा दिवस. म्हणून ती नगरीची रक्षणकर्ती ठरली आणि तिचे चाक नगरीचे चिन्ह झाले.

ही कॅथरिन कोण? आख्यायिकेप्रमाणे ती चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाची विदुषी. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटाला तिने जाब विचारला. तिला वादात हरवण्यासाठी त्याने पन्नास तत्त्वज्ञ बोलावले, पण तेच तिच्या मताचे झाले. तेव्हा खिळे ठोकलेल्या चाकावर तिला मारण्याचे ठरले. चाक मोडून पडले आणि अखेर तिचा शिरच्छेद करण्यात आला. तिच्या ऐतिहासिकतेविषयी शंका असल्याने १९६९ साली तिचा दिवस रोमन चर्चच्या सार्वत्रिक पंचांगातून वगळण्यात आला होता. २००२ मध्ये तो पुन्हा घेण्यात आला. विद्यार्थ्यांची व विद्वानांची ती पालक संत मानली जाते, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

म्हणजे हे चाक मुळात छळाचे हत्यार होय. जिने स्वतःच्या श्रद्धेसाठी सत्तेपुढे मान तुकवली नाही, तिची ती खूण. परंतु गोव्यात ती खूण सत्तेच्याच हाती गेली. जुन्या गोव्याचे भव्य से कॅथेड्रल याच संताच्या नावे उभे आहे; त्याच्या मुख्य वेदीवर तिच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरलेले आहेत. आणि याच नगरीत १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. ते मध्यंतरीचा थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. बाटल्यानंतरही घरचे जुने आचार पाळले, एवढ्यावरून माणसांना तेथे उभे करीत. १६८४ साली तर कोकणी भाषेविरुद्धही फर्मान निघाले. श्रद्धेपायी छळल्या गेलेल्या स्त्रीच्या चिन्हाखाली इतरांचा त्यांच्या श्रद्धेपायी छळ व्हावा, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. साकीनाका ज्या साष्टी बेटावर वसला आहे, तेथेही १५३४ पासून मराठ्यांनी १७३७ मध्ये हे बेट घेईपर्यंत पोर्तुगीजांचीच सत्ता होती. मरोळच्या बाजूस सीप्झच्या आवारात १५७९ सालच्या चर्चचे अवशेष आजही आहेत.

१९३५ साली पोर्तुगालने आपल्या सर्व वसाहतींची मानचिन्हे एका साच्यात बसवली. त्या वेळीही पोर्तुगीज हिंदुस्थानच्या ढालीवर कॅथरिनचे चाक होतेच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आजच्या गोवा राज्याच्या मानचिन्हात चाक नाही. दोन हातांनी धरलेला दीप आहे, आणि कोणाच्याही वाट्यास दुःख येऊ नये अशी संस्कृत प्रार्थना आहे.

चाक वाईट आणि दीप चांगला, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या आपल्या राष्ट्रध्वजावरही चोवीस आऱ्यांचे चक्रच आहे. सारनाथच्या स्तंभावरून आलेले ते धर्मचक्र. आकृती गोलच, आरेही तसेच. पण एकामागे विजयाचा दिवस आहे, तर दुसऱ्यामागे युद्धाचा पश्चात्ताप झालेला सम्राट अशोक आहे. तरीही चिन्ह चांगले निवडले म्हणून राज्य आपोआप चांगले होत नाही. कॅथरिनची गोष्ट काही वाईट नव्हती. तिच्या चाकाखाली बसून न्याय करणाऱ्यांनी ती गोष्ट ध्यानात ठेवली नाही. आपल्या महापालिकेच्या कचेरीवर, शाळेच्या दाखल्यावर आणि नोटेवर आपण रोज मानचिन्हे पाहतो. ती काय सांगतात हे वाचावे, आणि ती लावणारे तसे वागतात की नाही, हेही नागरिक म्हणून विचारावे.