शेतीविषयक चित्रफिती पाठविताना कोणते स्वरूप निवडावे?

अलीकडील काही वर्षांत शेतीविषयक चित्रफितींचा प्रसार गावोगावी झपाट्याने झालेला आहे. कलमांवर पडलेली कीड, फवारणीचे प्रात्यक्षिक, भाताच्या रोपवाटिकेची आखणी, नारळाच्या माडावरील गेंड्या भुंग्याचे छिद्र अशा अनेक गोष्टी शेतकरी स्वतःच्या फोनावर टिपून आमच्याकडे पाठवितात, आणि आम्हीही सल्ल्याच्या चित्रफिती त्यांच्याकडे पाठवितो. चित्रण कसे करावे हे बहुतेकांना सरावाने जमू लागले आहे. परंतु टिपलेली चित्रफीत कोणत्या स्वरूपात आणि किती आकुंचित करून पाठवावी, याचा विचार क्वचितच होतो. तो न केल्यास काय घडते, हे प्रथम सांगितले पाहिजे.

मांडवीत राहणारे एक बागायतदार आहेत. त्यांची हापूसची कलमे गोळपच्या बाजूस आहेत. मोहोराच्या दिवसांत त्यांनी मोहोराखाली पांढरा कागद धरून फांदी हलविली, कागदावर पडलेली कीड फोनाने टिपली आणि ती चित्रफीत समूहावर टाकली. तेथून कोणी ती उतरवून घेतली, तिला मथळा जोडला आणि पुन्हा पाठविली. माझ्याकडे ती पोहोचली तेव्हा कागद स्वच्छ पांढरा दिसत होता. कोठे एखादा तुडतुडा उडाल्याचा भास होई, एवढेच. मी फवारणीची घाई करू नये असा सल्ला दिला. आठ दिवसांनी बागेत गेलो तेव्हा वाटाण्याएवढ्या फळांची साल खरवडल्यासारखी तपकिरी झालेली होती. कागदावर फुलकिडी होत्या, भरपूर होत्या, परंतु त्या माझ्यापर्यंत आल्याच नाहीत. ते गृहस्थ म्हणाले, "साहेब, माझ्या डोळ्यांना दिसत होतं. फोनात कुठं गेलं?" चूक माझी होती. मूळ फाईल मागविल्यावाचून मी निदान करावयास नको होते.

फुलकिडी कोठे गेल्या हे समजण्यासाठी आकुंचनाची क्रिया थोडी जाणून घ्यावी लागेल. चित्रफीत म्हणजे एकामागून एक वेगाने दाखविलेली स्थिर चित्रे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र घेतले, प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले आणि सेकंदास २५ चित्रे मोजली, तर सेकंदास सुमारे १५५ मेगाबाइट आणि मिनिटास नऊ गिगाबाइटांहून अधिक माहिती होते. एवढी माहिती कोणत्याही फोनावरून पाठविणे शक्य नाही. म्हणून फोन चित्रण करीत असतानाच तिचे आकुंचन करतो. तीच चित्रफीत सेकंदास ८ मेगाबिट या वेगाने साठविली, तर मिनिटास ६० मेगाबाइट जागा पुरते. म्हणजे दीडशे भागांतील एकच भाग शिल्लक राहतो.

हे कसे साधते? एक तर, लागोपाठच्या चित्रांत जे बदलत नाही ते पुनःपुन्हा लिहिले जात नाही. एक पूर्ण चित्र साठवून पुढील चित्रांत केवळ काय हलले याची नोंद ठेवतात. दुसरे, चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील बारीक व फिकट तपशील गाळून टाकतात. या गाळणीच्या मुळाशी असलेली गणिती रीत बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केली. आजची बहुतेक चित्रफितींची स्वरूपे तिच्यावर किंवा तिच्या जवळच्या रीतींवर उभी आहेत. तिसरे, मनुष्याचा डोळा उजेडातील फरक जितक्या बारकाईने पाहतो तितक्या बारकाईने रंगातील फरक पाहत नाही. म्हणून रंगाची माहिती सामान्यतः चौथाईच ठेवली जाते.

आता पांढऱ्या कागदावरील फिकट पिवळी, एक मिलिमीटर लांबीची फुलकिडी पाहा. ती लहान आहे, फिकट आहे, आणि तिची ओळख तिच्या रंगावरून पटते. गाळणीस जे काही गाळावयाचे असते ते सर्व तिच्या ठिकाणी एकत्र आलेले आहे. शिवाय गाळलेले परत मिळत नाही. रस आटवून साठे घातली की त्यांतून पुन्हा ताजा आंबा निघत नाही, तसेच हे आहे; आणि आकुंचित चित्रफीत पुन्हा आकुंचित करणे म्हणजे साठच पुन्हा आटविण्यासारखे होय. मथळा जोडणाऱ्या किंवा काटछाट करणाऱ्या ॲपमधून चित्रफीत निघाली की बहुधा हेच घडते.

स्वरूपाच्या नावांविषयी बराच घोटाळा आढळतो. ".एमपी४" ही केवळ पेटी आहे. पेटीवरून आत हापूस आहे की पायरी हे जसे कळत नाही, तसे फाईलच्या शेवटच्या अक्षरांवरून आत कोणत्या रीतीने आकुंचन केले आहे हे कळत नाही. त्या रीतीस कोडेक म्हणतात. दोन फायली एमपी४ असूनही एक चालते व दुसरी नुसताच आवाज देते, याचे कारण बहुधा कोडेक हेच असते.

आज व्यवहारात मुख्यतः चार कोडेक भेटतात. एच.२६४ हा २००३ सालचा असून जुन्या-नव्या जवळजवळ सर्व फोनांवर, संगणकांवर आणि दूरचित्रवाणी संचांवर चालतो. २०१३ साली आलेला एच.२६५ चौकोन लहान-मोठे करण्यास अधिक मोकळीक देतो व तेवढीच गुणवत्ता सुमारे निम्म्या आकारात बसवितो. परंतु जुन्या फोनांवर आणि काही ब्राउझरांत तो उघडत नाही. त्याच वर्षी गूगलने पुढे आणलेला व्हीपी९ यूट्यूबवर वापरला जातो. आपण स्वतः तो निवडण्याचा प्रसंग सहसा येत नाही. एव्ही१ हा २०१८ सालचा, वापरण्यास स्वामित्वशुल्क नसलेला आणि एच.२६५ पेक्षाही काटकसरी आहे. मात्र तो तयार करण्यास संगणकाला पुष्कळ वेळ लागतो आणि तो सहजपणे दाखविणारे फोन अद्याप नव्या पिढीतलेच आहेत.

माझ्या मते गावातील समूहावर पाठवावयाची चित्रफीत एच.२६४ मध्येच असावी. एच.२६५ ने फाईल निम्मी होते हे खरे; परंतु ज्याचा फोन आठ-दहा वर्षांचा आहे त्याच्याकडे ती उघडली नाही, तर वाचविलेल्या डेटाचा उपयोग काय? सल्ल्याची निकड बहुधा अशाच शेतकऱ्यास अधिक असते. आयफोन बाळगणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' ऐवजी 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले म्हणजे नेहमीचे चित्रण एच.२६४ मध्ये होते. अनेक अँड्रॉइड फोनांतही अशीच निवड कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सापडते.

किती आकुंचन करावे, याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाचा वेग मेगाबिटांत घ्यावा आणि साडेसातने गुणावा. मिनिटास लागणारे मेगाबाइट मिळतात. चार मिनिटांचे प्रात्यक्षिक ८ मेगाबिटांनी २४० मेगाबाइट होते. दिवसाला दीड गिगाबाइट डेटा मिळणाऱ्या शेतकऱ्याचा तो सुमारे सहावा हिस्सा झाला, आणि सड्यावर जेथे रेंज येते-जाते तेथे ती फाईल उतरणारच नाही. तेच प्रात्यक्षिक १२८० गुणिले ७२० बिंदूंत, सेकंदास २ मेगाबिट ठेवून केले तर ६० मेगाबाइटांत बसते. छाटणी, खताचे खड्डे, पंपाची जोडणी यांसाठी तेवढे पुरेसे आहे. केवळ माणूस बोलत असल्यास १ मेगाबिटही चालेल. आवाज एएसी या स्वरूपात ६४ किलोबिटांवर ठेवावा. मिनिटास अर्धा मेगाबाइटही लागत नाही. बोलणे स्पष्ट ऐकू येणे हे चित्रापेक्षाही महत्त्वाचे आहे, आणि मांडवीच्या धक्क्यावर उभे राहून सल्ला सांगणाऱ्यांनी लाटा व वारा यांचा विचार अगोदर करावा.

त्या धक्क्यावर आणखी एक गोष्ट पडताळून पाहता येते. फोन स्थिर ठेवून एक मिनिट धक्क्याच्या दगडी बांधकामाचे चित्रण करावे आणि एक मिनिट फुटणाऱ्या लाटांचे. दोन्ही चित्रफिती एकाच वेगात आकुंचित केल्यास दगड स्वच्छ दिसतील आणि लाटांच्या जागी चौकोनी ठिगळे दिसतील. लाटेचा प्रत्येक थेंब दर चित्रात नवीन असल्यामुळे मागील चित्रावरून काहीच उचलता येत नाही. वाऱ्याने हलणारा आंब्याचा मोहोर, पाऊस, फवाऱ्याचे तुषार हे सर्व लाटांच्याच जातीचे आहेत. तेव्हा मोहोराचे चित्रण सकाळी वारा सुटण्यापूर्वी करावे, फोन हातात न धरता फांदीच्या बेचक्यास किंवा काठीस बांधावा, आणि मागे हलणारी पाने येऊ न देता गोणपाट अथवा कापड धरावे. कोडेक बदलून जेवढा लाभ होतो, त्याहून अधिक लाभ पुष्कळदा एवढ्यानेच होतो.

किडीच्या निदानासाठी मात्र अंतर हीच मुख्य बाब आहे. कागदाची तीस सेंटिमीटर रुंदी चौकटीत घेतली, तर १९२० बिंदूंच्या चित्रातही एक मिलिमीटरच्या फुलकिडीस सहा-सात बिंदूच मिळतात. फोन जवळ नेऊन आठ सेंटिमीटरच रुंदी घेतली, तर १२८० बिंदूंच्या साध्या चित्रातही तिला सोळा बिंदू मिळतात. म्हणजे जवळून घेतलेली लहान चित्रफीत दुरून घेतलेल्या मोठ्या चित्रफितीपेक्षा सरस ठरते. फिकट कीड असल्यास कागद काळा घ्यावा, काळपट असल्यास पांढरा. पानावरील ठिपक्यांचा किंवा पिवळेपणाचा नेमका रंग दाखवावयाचा असेल, तर चित्रफितीच्या मागे न लागता छायाचित्र पाठवावे.

पाठविण्याच्या रीतीसंबंधी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्हॉट्सॲपवर गॅलरीतून निवडलेली चित्रफीत पाठविण्यापूर्वी आकुंचित होते. २०२३ पासून 'एच.डी.' निवडण्याची सोय आहे, तरी तीही मूळ फाईल नव्हे. निदानासाठीची फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावी. ती जशीच्या तशी जाते. वीस सेकंदांची चित्रफीत त्यास पुष्कळ झाली. यूट्यूबवर चढविताना उलट धोरण ठेवावे: तेथे प्रत्येक चित्रफितीचे पुन्हा आकुंचन होऊन लहान-मोठ्या आकारांच्या प्रती तयार होतात, म्हणून आपल्याजवळची सर्वांत चांगली मूळ प्रत द्यावी आणि समूहावर केवळ दुवा पाठवावा. पाहणारा आपल्या रेंजप्रमाणे हवा तो आकार निवडू शकतो.

ज्या कार्यालयांत संगणक आहे तेथे हँडब्रेक हा विनामूल्य कार्यक्रम उपयोगी पडतो. त्यातील 'फास्ट ७२०पी३०' ही तयार निवड घ्यावी, कोडेक एच.२६४ असल्याची खात्री करावी, आणि 'वेब ऑप्टिमाइज्ड' या चौकटीत खूण करावी. या खुणेमुळे फाईलची अनुक्रमणिका आरंभी जाते व पूर्ण फाईल उतरण्यापूर्वीच चित्र दिसू लागते. गुणवत्तेचा आकडा जितका लहान तितके चित्र चांगले व फाईल मोठी. २२ ते २४ च्या दरम्यान प्रात्यक्षिके ठीक येतात. तयार झालेली प्रत समूहावर टाकण्यापूर्वी कार्यालयातील सर्वांत जुन्या फोनावर एकदा उघडून पाहावी.

मूळ प्रत हंगाम संपेपर्यंत पुसू नये. मोहोराच्या वेळी घेतलेले चित्रण फळे काढणीस आल्यावर पुन्हा पाहावे लागते, आणि त्या वेळी समूहावरील आटलेली प्रत कामास येत नाही. फाईलच्या नावात गाव, पीक आणि तारीख एवढे लिहून ठेवावे.